घमेल्यातला बुडबुडा

ट्यूब पाण्यात दाबली की आधी काहीच दिसत नसे. चाचा ती दोन्ही हातांनी पिळत पुढे सरकवायचे. वीतभर, मग आणखी वीतभर. घमेल्यातलं पाणी काळपट, वर तेलाचा तवंग. आणि एकाएकी मोहरीएवढा बुडबुडा वर यायचा. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, माळेतल्या मण्यांसारखे. चाचा त्या जागी अंगठा दाबायचे, खिशातली काडीपेटी काढायचे आणि एक काडी भोकात खोचायचे. मी सायकलजवळ उकिडवा बसलेला असायचो. ‘‘सापडलं ना चाचा? मग लावा ना पॅच,’’ अशी घाई केली की ते मान वर न करता म्हणायचे, ‘‘दम धर ना भो. एक सापडलं म्हंजे दुसरं नाही, असं थोडीच हाय? पुरी ट्यूब फिरवायची.’’

अजिंठा चौफुलीच्या अलीकडे, महामार्गाला लागून चाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर पत्रे, समोर एक मोठा टायर उभा पुरलेला आणि त्यावर चुन्याने लिहिलेलं ‘पंक्चर’. आम्ही मेहरूणची पोरं. जळगावात मेहरूण म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, तलाव आणि बोरं. आम्हाला तिसरीही आठवते. उन्हात तापलेल्या रबराचा, सोल्युशनचा आणि काजळीचा तो वास. आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभा असताना कुठल्याही महामार्गावर तो वास आला की मी क्षणभर सातवीतला होतो.

चाचांच्या दुकानाच्या कुडाला पत्र्याचा एक बोर्ड ठोकलेला होता. त्यावर गेंडा आणि इंग्रजीतली चार अक्षरं. सिएट. तो गेंडा टायरच्या जाहिरातींतून तेव्हा घराघरांत पोहोचला होता. त्याची जाड कातडी आणि खाली रोखलेलं शिंग बघून आम्हाला वाटायचं, हा टायर तर पंक्चर होणारच नाही. त्या चार अक्षरांचा अर्थ मात्र गावात कुणालाच ठाऊक नव्हता. मलाही तो फार उशिरा कळला, आणि कळला तेव्हा त्या पत्र्याच्या बोर्डाकडे पुन्हा एकदा जाऊन बघावंसं वाटलं. तोवर बोर्ड गेला होता.

*

टायर यायच्या आधीच्या काळाबद्दल मला आबांकडून कळलं. आमची शेती मेहरूणच्याच शिवारात, काळी, कसदार आणि पावसाळ्यात पाय गिळणारी. आबांची बैलगाडी लाकडी चाकांची होती. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि चाकाभोवती लोखंडी धाव. धाव सैल झाली की लोहाराकडे जायचं. गोवऱ्या रचून तो धाव लालबुंद तापवायचा, दोघातिघांनी सांडशीने उचलून ती लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज, वाफेचा लोट, आणि गार होता होता आकसलेलं लोखंड चाकाला असं आवळून धरायचं की आरे कुरकुरायचे. आबा हे सांगताना दोन्ही मुठी आवळून दाखवायचे.

पण हीच धाव काळ्या मातीत सुरीसारखी रुतायची. कापूस भरून गाडी जिनिंगला न्यायची म्हणजे बैलांचा जीव निम्मा. १९७२ चा दुष्काळ सरल्यावर आबांनी जुनी चाकं उतरवली आणि ट्रकवर झिजलेले दोन टायर लावलेला लोखंडी आख बसवून घेतला. धावेचा भार बोटभर रुंदीच्या पट्टीवर यायचा, तो आता तळहाताहून रुंद, हवेने फुगलेल्या रबरावर पसरला. त्याच दोन बैलांनी जवळजवळ दुप्पट कापूस ओढला. आबा म्हणायचे, ‘‘माझ्या बैलांचं आयुष्य वाढलं रे त्याच्यानं.’’ यंत्रयुगावरचे पुष्कळ ग्रंथ नंतर वाचले, पण त्या युगाने नेमकं काय दिलं, ते या एका वाक्याइतकं नेटकं मला कुठेच सापडलं नाही.

आजीची तक्रार वेगळी होती. लाकडी चाकांचा खडखडाट तिला पार वेशीपासून ऐकू यायचा. तो ऐकूनच ती तव्यावर भाकरी टाकायची. टायरगाडी आली आणि गाडी दारात उभी राहीपर्यंत पत्ताच लागेना. शेवटी आबांनी बैलांच्या गळ्यात नव्या घुंगुरमाळा बांधल्या. आमच्या घरात रबर आलं ते असं, एक आवाज घेऊन गेलं आणि दुसरा देऊन गेलं.

लाकडी चाक मात्र आमच्या भागातून पुरतं गेलं नाही, याचा मला आनंद आहे. बारागाड्या ओढायच्या दिवशी भगत कमरेला दोर बांधून एकामागे एक जोडलेल्या गाड्या ओढतो, तेव्हा जुनी धाव अजून जमिनीवर घासताना ऐकू येते. आणि कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेला. त्या अवजड लाकडी चाकांखाली मोगरी टाकून रथ वळवतात, थांबवतात. मोगरी टाकणाऱ्याचा हात चाकापासून चार बोटांवर असतो. त्याच १८७२ साली इटलीतल्या मिलान शहरात जोव्हानी बात्तिस्ता पिरेल्ली नावाच्या तरुणाने रबराच्या वस्तूंचा कारखाना काढला. त्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पिरेल्लीचं नाव या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

*

तर ती चार अक्षरं. इटलीत ट्युरिन नावाचं शहर आहे, मोटारींचं शहर. फियाट कंपनी तिथलीच. तिने १९२३ मध्ये तिथल्या लिंगोत्तो भागात बांधलेल्या कारखान्याच्या छतावर मोटारी पळवून बघायला चक्क धावपट्टी होती. त्याच शहरात पुढच्या वर्षी, १९२४ मध्ये, व्हिर्जिनियो ब्रुनी तेदेस्की या उद्योजकाने एक कंपनी काढली. नाव ठेवलं ‘काव्ही एलेत्रिची ए अफ्फिनी तोरिनो’. म्हणजे ‘विजेच्या तारा आणि तत्सम वस्तू, ट्युरिन’. त्यातल्या आद्याक्षरांचं झालं सिएट. ज्या नावावरून आमच्या डोळ्यांपुढे गेंडा उभा राहायचा, त्या नावात टायरचा साधा उल्लेखही नाही! ही मंडळी टेलिफोनच्या आणि रेल्वेच्या केबली बनवत होती.

पण तार आणि टायर यांच्यामध्ये एक दुवा आहे, रबर. तांब्याच्या तारेवर रबराचं वेष्टण चढवायचं म्हणजे रबर मळता यायला हवं, त्यात गंधक घालून ते भाजता यायला हवं, ते कुठे ताठ राहतं आणि कुठे भेगाळतं हे हाताला कळायला हवं. तो हात एकदा बसला की टायर दूर राहत नाही. याच ब्रुनी तेदेस्की घराण्यात वाढलेली कार्ला ब्रुनी पुढे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी झाली. तोवर घराण्याचा कारखान्याशी संबंध उरला नव्हता.

भारतात ही अक्षरं आली १९५८ मध्ये. टाटा समूहाच्या सहकार्याने ‘सिएट टायर्स ऑफ इंडिया’ ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत भांडुपला कारखाना उभा राहिला. १९८२ मध्ये कंपनी आर. पी. गोयंका यांच्या समूहाकडे गेली. १९९० मध्ये नावातून ‘टायर्स ऑफ इंडिया’ गळून नुसतं ‘सिएट’ उरलं. इकडे इटलीतली मूळ कंपनी विस्कटत गेली आणि तिथला टायरचा धंदा व नाव पिरेल्लीकडे गेलं. २०१० मध्ये मुंबईच्या कंपनीने पिरेल्लीकडून या नावाचे जगभरचे हक्क विकत घेतले. ट्युरिनचं नाव कायमचं मुंबईचं झालं. एखादी मुलगी सासरी यावी आणि पुढे माहेरचं घरही तिनेच सांभाळावं, तसं काहीसं.

*

मोठमोठ्या टायर कंपन्यांच्या जन्मकथा वाचताना मला दर वेळी चाचांचं दुकान दिसतं. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप हा जनावरांचा डॉक्टर होता. पोराची तीन चाकी सायकल दगडी रस्त्यावर फार हादरते म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर बांधली, आणि १८८८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावात मिशेलिन बंधूंच्या रबर कारखान्यात एक सायकलस्वार पंक्चर घेऊन आला. टायर रिमला चिकटवलेला. काढायला, सांधायला तीन तास गेले आणि डिंक वाळायला अख्खी रात्र. सकाळी सायकल थोडं अंतर गेली आणि पुन्हा हवा गेली. एदुआर मिशेलिनने तिथे हात टेकले नाहीत. सहज काढता-घालता येईल असा टायर का नसावा, या प्रश्नाच्या मागे तो लागला, आणि १८९१ मध्ये तसा टायर आला. म्हणजे जगातल्या एका बलाढ्य कंपनीची सुरुवात एका न जमलेल्या पंक्चरपासून झाली!

जपानमध्ये शोजिरो इशिबाशी यांच्या घरी ताबी नावाचे पायमोजे शिवायचे. त्यांनी त्या मोज्यांना रबराचा तळ लावला आणि १९३१ मध्ये कुरुमे गावी टायरची कंपनी काढली. ‘इशी’ म्हणजे दगड, ‘बाशी’ म्हणजे पूल. त्याचंच उलटवून इंग्रजीत झालं ब्रिजस्टोन. मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला के. एम. मामेन माप्पिळ्ळै १९४६ मध्ये फुगे बनवत होते, त्यातून एमआरएफ उभी राहिली. आणि आपण रोज म्हणतो तो ‘स्टेपनी’ हा शब्द? वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला काढलं, त्या रस्त्याचं नाव. डेव्हिस विस्मरणात गेले, पण खानदेशातला प्रत्येक ड्रायव्हर दिवसातून दोनदा त्यांच्या गल्लीचं नाव घेतो.

या सगळ्यांना सामाईक असलेली गोष्ट भांडवल ही नव्हती. गळती कुठे आहे ती शोधायची आणि सापडेपर्यंत उठायचं नाही, ही ती गोष्ट. म्हणून मी चाचांना त्या घराण्यातलेच मानतो.

*

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामा मुऱ्हाळी म्हणून यायचे, आईला माहेरी न्यायला. खानदेशातली कितीतरी तरुण मुलं तेव्हा नाशिकला जायची. सातपूर, अंबड, सिडको. आजही तिथे पावलोपावली आपली बोली कानावर पडते. मामाही तसेच गेले आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टायरच्या कारखान्यात लागले. सिएटचा नाशिकचा कारखाना सातपूरलाच. त्यामुळे चाचांच्या दुकानातल्या गेंड्याशी आता आमचं नातं जुळलं, असं मला वाटायचं आणि मी शाळेत ते अभिमानाने सांगायचो.

एका आखाजीला आई अंगणातल्या चुलीवर खापर ठेवून पुरणपोळ्या करत होती. कणीक तळहातांवर फिरवत फिरवत ती कोपरापर्यंत मोठी करायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची. मी मामांना विचारलं, ‘‘टायर करता कसा?’’ मामा आईकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘हे बघ, असाच.’’

मग त्यांनी सांगितलं. केरळातून रबर येतं, त्यात कारखान्यात बनवलेलं रबर मिसळतात. मोठ्या यंत्रात ते मळतात, त्यात काजळी घालतात, गंधक, जस्ताची पूड, तेल. काजळी नसेल तर टायर लवकर झिजतो. पहिले टायर पांढुरके असायचे, काळा रंग आला तो काजळीने आणि तिच्याबरोबर ताकद आली. मग नायलॉनच्या दोऱ्यांच्या कापडावर रबर लाटून चढवायचं. त्याचे थर ड्रमवर एकावर एक बसवायचे, दोन्ही काठांना पोलादी तारेची कडी, वर जाड पट्टा. तयार होतो तो कच्चा टायर, पिंपासारखा, गुळगुळीत, बोट लावलं तर ठसा उमटेल असा मऊ. तो साच्यात ठेवून आतून वाफेने फुगवायचा आणि भाजायचा. साचा उघडला की नक्षी उठलेली, रबर घट्ट, आणि आता कितीही तापवलं तरी ते पुन्हा कणीक होत नाही.

‘‘गंधकानं गाठ बसते,’’ मामा म्हणाले. ‘‘धाग्याला धागा बांधला जातो. मग सुटत नाही.’’ ही गाठ सापडली ती अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला, १८३९ मध्ये. गंधक मिसळलेलं रबर तापल्या चुलीवर पडलं, वितळायच्या ऐवजी चामड्यासारखं चिवट झालं. त्याआधी रबर उन्हाळ्यात चिकचिकायचं आणि थंडीत तडकायचं. गुडइयर १८६० मध्ये कर्जात बुडालेला गेला. त्याच्या नावाची कंपनी १८९८ मध्ये दुसऱ्यांनीच काढली.

त्या दिवशी आईने खापरावरची पोळी उचलली आणि मामांच्या ताटात घडी करून वाढली. मामांची नखं काळी होती. कितीही धुतली तरी ती काळी राहायची. आईने ती पाहिली, काही बोलली नाही, आणि तुपाची वाटी त्यांच्या ताटाकडे सरकवली.

*

तेव्हाचा टायर एकदा रस्त्यावर आला की त्याला पुष्कळ जन्म असायचे. ‘हजार-वीस’चा नवा टायर ट्रकच्या पुढच्या चाकाला लागायचा. झिजला की मागे जायचा. गुळगुळीत झाला की रिमोल्डला. नवा पट्टा चढवून पुन्हा रस्त्यावर, कधी कधी दोनदाही. धुळ्याला आग्रा रोडवर अशा दुकानांची रांगच्या रांग असायची. ट्रकला नको झाला की तो बैलगाडीला. बैलगाडीनेही सोडला की कारागीर तो सुरीने सोलून त्याची घमेली करायचा, विहिरीवरच्या बादल्या करायचा, गुरांच्या पेंडीची टोपली करायचा. उरलेल्या तुकड्यांच्या चपला. कापूस वेचणाऱ्या आयाबायांच्या पायात त्या असायच्या. बाभळीचा काटा त्यांना भेदू शकत नसे.

ट्यूब आमच्या वाट्याला यायची. ट्रकच्या ट्यूबवर पोट टेकून आम्ही विहिरीत पोहायला शिकलो. आणि फाटलेल्या ट्यूबच्या पट्ट्यांची गलोल. चाचांकडे जाऊन हात पुढे केला की ते तुकडा ताणून, प्रकाशाकडे धरून बघायचे, भेग नाही ना, आणि मग द्यायचे. पेरूच्या फांदीचा दुबेळका, सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे, मधे चपलेचं चामडं. थंडी पडली की मेहरूणची बोरं पिकायची. गलोलीने पाडलेलं बोर आणि बाजारातून आणलेलं बोर यांची चव वेगळी लागते, हे मी आजही शपथेवर सांगेन. केरळच्या झाडाचा चीक भांडुपला किंवा सातपूरला भाजला जायचा, लाखभर किलोमीटर फिरायचा आणि शेवटी आमच्या हातात येऊन बोर पाडायचा. एवढा प्रवास त्या पट्टीत ताणलेला होता, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

पण त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायची माझी इच्छा नाही. एप्रिल-मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेल्या डांबरावर, जादा माल भरलेल्या ट्रकचे रिमोल्ड टायर फुटायचे, आणि रात्री केळी घेऊन उत्तरेकडे निघालेल्या गाड्या पहाटे रस्त्याच्या कडेला उलटलेल्या दिसायच्या. ट्रकच्या चाकाला तेव्हा लोखंडी लॉकरिंग असायची. हवा भरताना ती नीट बसली नसली तर तोफेच्या गोळ्यासारखी उडायची. चाचांच्या हाताखाली शिकणाऱ्या एका मुलाचा हात असाच गेला. त्यानंतर चाचा मोठ्या चाकात हवा भरताना सगळ्यांना लांब उभं करायचे आणि स्वतः मात्र तिथेच बसायचे. पोरं काम शिकायची, पण त्यांच्या डोक्यावर ना टोपी, ना पाठीमागे विमा. कारखान्यातल्या मामांना निदान पगार होता, युनियन होती. रस्त्यावरच्या कारागिराचं कुणीच नव्हतं.

*

आता महामार्ग चौपदरी आहे. पूर्वी ज्याला सहा नंबरचा हायवे म्हणत तो आता ५३ नंबरचा झाला, आणि पाळधी ते तरसोद असा बाह्यवळण रस्ता शहराला वळसा घालतो. मेहरूण तलावाच्या काठी सकाळी माणसं बूट घालून चालायला येतात. त्या बुटांचा तळही रबराचाच. शिवारात प्लॉट पडले. आबांची टायरगाडी ज्या बांधावर उभी असायची तिथे आज अपार्टमेंटचं पार्किंग आहे.

टायरही बदलला. ट्यूब गेली. ट्यूबलेस टायरला खिळा लागला तरी तो धाडकन फुटत नाही, हवा हळूहळू सोडतो आणि माणसाला सावरायला वेळ देतो. नायलॉनच्या आडव्यातिडव्या थरांऐवजी पोलादी पट्ट्यांचा रेडियल आला. मिशेलिनने तो १९४६ मध्ये शोधला, पण आपल्या ट्रकना लागायला नवं शतक उजाडावं लागलं. तो कमी तापतो, जास्त चालतो, डिझेल वाचवतो. मे महिन्यातल्या त्या उलटलेल्या गाड्या आठवल्या की या बदलाला मी मनापासून नमस्कार करतो.

सिएट कंपनीचंही तसंच. ट्युरिनच्या त्या चार अक्षरांना २०२४ मध्ये शंभर वर्षं झाली. भांडुप, नाशिक यांच्यानंतर हालोल, नागपूर, अंबरनाथ, चेन्नई असे कारखाने उभे राहिले, आणि शंभरहून अधिक देशांत माल जाऊ लागला. दर्जासाठी जपानकडून दिलं जाणारं डेमिंग पारितोषिक २०१७ मध्ये मिळालं आणि त्याच्याही वरचं डेमिंग ग्रँड पारितोषिक २०२३ मध्ये. २०२४ च्या अखेरीस या कंपनीने मिशेलिनकडून बांधकाम यंत्रांच्या टायरचा कॅमसो हा ब्रँड घेण्याचा करार केला. एका न जमलेल्या पंक्चरपासून जिची गोष्ट सुरू झाली, त्या मिशेलिनकडून! आणि आमच्या अजिंठा चौफुलीवरून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की पुढे वाळूज येतं. तिथे बालकृष्ण इंडस्ट्रीजचे, म्हणजे बीकेटीचे, शेतीचे टायर बनतात. युरोपातल्या शेतांत ते फिरतात. इटलीतल्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगला २०१८ पासून याच बीकेटीचं नाव आहे. एके काळी इटलीचं नाव मेहरूणच्या कुडावर ठोकलेलं होतं. आज मराठवाड्यात टायर बनवणाऱ्या कंपनीचं नाव इटलीच्या मैदानावर झळकतं. हे वाचलं त्या दिवशी मी मामांना फोन केला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘चाललं मग आपलं काम पुढे.’’

टायरचे पुढचे जन्म मात्र आटले. पोलादी तारांचा रेडियल सुरीने सोलता येत नाही, त्याची घमेली होत नाही, चपला होत नाहीत. ट्यूबच नाही तर गलोल कशाची? जुने टायर ढीग लावून पडतात, कुठे भट्टीत जाळून त्यांचं तेल काढतात आणि परिसर काळवंडतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की विकलेल्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकानेच घ्यायची. हे चांगलंच झालं. पण जी गोष्ट आज कायद्याने करवून घ्यावी लागते, ती तेव्हा चाचा, सोलणारा कारागीर, आबा आणि आम्ही पोरं मिळून करत होतो, कुणी न सांगता. त्या कारागिरांना नव्या व्यवस्थेत जागा मिळायला हवी. त्यांच्या हातांना टायर आतून माहीत आहे.

*

गेल्या हिवाळ्यात माझ्या गाडीच्या मागच्या चाकातली हवा रोज थोडी थोडी कमी होऊ लागली. चाचांच्या जागी आता त्यांच्या मुलाचं दुकान आहे. काचेचं दार, कॉम्प्युटरवर चाकं जुळवणारं यंत्र, नायट्रोजनची टाकी. त्याने साबणाचं पाणी मारलं, सगळीकडे नीट बघितलं. खिळा नाही, भोक नाही. ‘‘टायर नवीनच टाका भाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘जुना झाला.’’

आत खुर्चीवर चाचा बसले होते. नजर अधू झालेली. त्यांनी हाक मारली, ‘‘ते घमेलं आण रे.’’ मुलगा जरा संकोचला, पण मागच्या बाजूने एक मोठं टीप घेऊन आला. अर्धं कापलेलं पिंप, काठोकाठ पाणी. चाक उतरवून आम्ही तिघांनी मिळून त्यात धरलं. पाण्यावर साधी लहरही उठेना.

‘‘फिरवा,’’ चाचा म्हणाले. आम्ही वीतभर फिरवलं. मग आणखी वीतभर. चाचा पाण्याकडे बघत नव्हते. त्यांनी फक्त बोटं पाण्यात बुडवून रबरावर टेकवली होती. पाऊण चाक फिरल्यावर त्यांची बोटं व्हॉल्व्हच्या बुडाशी थांबली. मी वाकून बघितलं. मोहरीएवढा बुडबुडा सुटला, वर आला. त्याच्यामागे बऱ्याच वेळाने दुसरा.

‘‘व्हॉल्व्ह बदल,’’ चाचा मुलाला म्हणाले. ‘‘टायर चांगला हाय.’’

मुलाने खिशातून काडीपेटी काढली नाही, त्याच्याकडे ती नव्हती. त्याने बुडबुड्याच्या जागी अंगठा दाबून धरला. मी घाई करणार, तेवढ्यात तोच म्हणाला, ‘‘दम धरा भाऊ. राहिलेलं पाव चाक फिरवून बघू.’’